रा. रा. लांबपल्लेकर

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती जी मराठी मंडळी स्थायिक झाली आहेत त्यांच्यात, वयाची चाळिशी उलटली, घराच्या कर्जाचे हप्ते अंगवळणी पडले, थोरल्या चिरंजीवांना आईबापांची संगत नकोशी होऊ लागली आणि रक्ततपासणीच्या कागदावर कोलेस्टेरॉलच्या आकड्यापाशी डॉक्टरांनी गंभीर मुद्रेने बोट ठेवले की, एक विशिष्ट प्रकारचा गृहस्थ हमखास उत्पन्न होतो. फ्रीमाँट, सनीव्हेल, क्युपर्टिनो, प्लेझंटन अशा सर्व परगण्यांत त्याची वस्ती असून, आपापल्या गल्लीत प्रत्येक जण एकमेवाद्वितीय असल्याची त्याची खात्री असते. वास्तविक शंभर पावलांवरून घेतलेले त्यांचे छायाचित्र एकमेकांचे म्हणून सहज खपून जाईल. या गृहस्थास आपण येथे रा. रा. लांबपल्लेकर म्हणू.

लांबपल्लेकरांचा धावण्याशी पूर्वसंबंध काय, असे विचाराल तर शाळेत कवायतीच्या तासाला पोट दुखणे आणि पुढे पुण्यात शिकत असता सुटलेली पीएमटी पकडणे, एवढाच. परंतु कचेरीतील कोणा सहकाऱ्याने त्यांना एका सेवाभावी संस्थेच्या मॅरेथॉनच्या तालमीत ओढले. हिंदुस्थानातील मुलांच्या शिक्षणासाठी वर्गणी गोळा करावयाची आणि त्या निमित्ताने आपण सव्वीस मैल धावावयाचे, असा तो उभयपक्षी पुण्याचा व्यवहार होता. यथावकाश वर्गणी पोहोचली, मुले शिकून मोठी झाली असतील. लांबपल्लेकर मात्र अद्याप धावत आहेत. मॅरेथॉनचे ते ४२.१९५ किलोमीटरचे अंतर ते ज्या भक्तिभावाने उच्चारतात, त्यावरून एखाद्यास ते श्रुतिस्मृतींतून आले असावे असे वाटेल. प्रत्यक्षात १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून मैदानातील राजघराण्याच्या सज्जासमोर संपावी या सोयीने ते पडले आणि १९२१ साली कायम झाले. ज्या राजघराण्याला मुजरे करून आपल्या पणजोबांच्या कंबरा वाकल्या, त्याच्याच सोयीपायी पणतूंचे गुडघे जावेत, हा योगायोग लांबपल्लेकरांच्या ध्यानी येत नाही. आणि कोणी आणून दिला तर ते आपल्या गुडघ्यांचा एक्स-रे दाखवितात.

त्यांचा खरा सण शनिवारी पहाटे उगवतो आणि त्याचे सोवळे शुक्रवारी सायंकाळपासून सुरू होते. मित्राच्या घरी गणपतीची आरती झालेली असते, पाने मांडलेली असतात, यजमानीणबाई तळणीतून काढलेले मोदक घेऊन आग्रहास येतात आणि लांबपल्लेकर पानावर आडवा हात धरून खालच्या पट्टीत सांगतात, "नको, वहिनी. उद्या लाँग रन आहे." पंक्तीत क्षणभर शांतता पसरते. ज्यांस लाँग रन म्हणजे काय हे ठाऊक नसते ते सहानुभूतीने पाहतात. ज्यांस ठाऊक असते ते पानात पाहू लागतात, कारण आता 'किती मैल?' हा प्रश्न विचारणे प्राप्त असून त्याचे उत्तर श्रीखंड संपेतो पुरणारे असते.

साडेनऊला ते घरी येतात आणि दिवाणखान्याच्या गालिच्यावर सरंजाम मांडू लागतात. हा विधी प्रेक्षणीय असतो. पायाच्या प्रत्येक बोटास स्वतंत्र खोली असलेले मोजे, पाण्याच्या चार छोट्या बाटल्या अडकविण्याचा कमरपट्टा, मिठाच्या गोळ्या, पिळून खावयाच्या साखरपाकाची, म्हणजे 'जेल'ची सहा पाकिटे, जी ते कोपऱ्यावर चिमटा घेऊन आधीच थोडी फाडून ठेवतात, कारण अठराव्या मैलावर दातांत तेवढी ताकद उरत नाही, आणि व्हॅसलिनची डबी, जिचा विनियोग ते नवागतास विस्ताराने समजावून देतात व नवागताने तो ऐकला नसता तर बरे झाले असते. हे सर्व ओळीने मांडून, त्याचे वरून छायाचित्र घेऊन, ते तालमीतील मंडळींस पाठवितात. त्याच वेळी तालमीतील मंडळींकडून तशीच छायाचित्रे येत असतात. मग सारे निजतात.

परंतु या साऱ्या लवाजम्यात मुख्य मान मनगटावरील घड्याळाचा. पहाटे साडेपाचच्या काळोखात लांबपल्लेकर डावा हात आकाशाकडे करून स्तब्ध उभे राहतात, ते सूर्यास अर्घ्य देण्यासाठी नव्हे. घड्याळाची उपग्रहाशी गाठ पडेपर्यंत पाऊल उचलावयाचे नाही, असा त्यांचा दंडक आहे. घड्याळात नोंद न होता घडलेले धावणे हे धावणेच नव्हे. एकदा चौथ्या मैलावर घड्याळाने मान टाकली तेव्हा ते तेथूनच माघारी फिरले आणि, विशेष म्हणजे, चालत फिरले. घरी आल्यावर मैलांची ही बारनिशी संगणकावर चढते. आठवड्याची वसूलबाकी, महिन्याचा ताळेबंद, हृदयाच्या ठोक्यांची खतावणी, बुटांच्या प्रत्येक जोडाच्या नावे किती मैल खर्ची पडले याचे स्वतंत्र खाते, असे ते बिनचूक दफ्तर पाहून एखाद्या पेशवाई फडणिसाने त्यांस जागच्या जागी नोकरीस ठेवले असते. आणि मंगळवारी रजेवर गेलेले पाच मैल शनिवारच्या माथी थकबाकी म्हणून चढविताना त्यांची मुद्रा मोठी कठोर होते. ते स्वतःस कधीच सूट देत नाहीत.

अशा या गृहस्थाच्या आयुष्यात २०१३ च्या सप्टेंबरात तो पूल आला.

ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्को यांना जोडणारा बे ब्रिज १९३६ साली रहदारीस खुला झाला, तो केवळ वाहनांसाठी. पायी जाणाऱ्यास त्यावर मज्जाव होता. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात त्याच्या पूर्वभागाच्या वरच्या मजल्याचा एक तुकडा खालच्या मजल्यावर कोसळला, आणि तेव्हापासून नवा पूल बांधण्याच्या ज्या मसलती सुरू झाल्या त्या फळास येईपर्यंत चोवीस वर्षे लोटली. नव्या पुलाच्या दक्षिण अंगास साडेपंधरा फूट रुंदीची एक वाट चालणारे, धावणारे व सायकलस्वार यांच्यासाठी राखण्यात आली. मात्र तिला एक व्यंग होते. पलीकडच्या येर्बा बुएना बेटाच्या तोंडाशी जुना पूल अजून ठाण मांडून बसल्यामुळे, तो उतरवून होईपर्यंत ही वाट बेटास टेकविता येईना. त्यामुळे ती सवा दोन मैलांच्या पुलावरून दिमाखाने निघे, मनोऱ्याच्या शेजारून जाई आणि बेट हाताच्या अंतरावर आले असता एका कुंपणापाशी मुकाट्याने संपे. खाली खाडी, पुढे जाळी, आणि आल्या वाटेने परत. सामान्य जनांची यावर कुरकूर झाली. कोठेही न जाणारी वाट ती काय कामाची, असे टोलनाक्याशी गाडी लावून हौसेने आलेली कुटुंबे म्हणत आणि जाळीपुढे एक छायाचित्र काढून परत फिरत.

अखिल मनुष्यजातीत एकटे लांबपल्लेकर असे निघाले की ज्यांना त्या वाटेत काहीच उणे दिसले नाही. चौक नाही, सिग्नल नाही, कुत्र्यास फिरविणाऱ्या बाया फार नाहीत आणि मुख्य म्हणजे पलीकडे काही नाही. जेथे जाऊन पोहोचावयाचे असा मुक्कामच नसल्यावर मनुष्य निर्वेधपणे जाऊ-येऊ शकतो. त्यांनी शनिवारचा लाँग रन एकदम फ्रीमाँटहून या वाटेवर हलविला आणि पहाटेच्या चाळीस मिनिटांच्या मोटारप्रवासाचे कारण पत्नीने विचारता, "तिथला सरफेस फार छान आहे" असे उत्तर दिले.

एमरीव्हिल गावातील एका स्वीडिश फर्निचरच्या अवाढव्य दुकानाच्या बगलेतून ही वाट सुरू होते. प्रारंभीचा टप्पा रमणीय म्हणवत नाही. हमरस्त्यांच्या कमानींखालून, सांडपाणी शुद्ध करण्याच्या कारखान्याच्या शेजाराने तो जातो आणि वारा विशिष्ट दिशेने असल्यास जेलचे पाकीट उघडण्याची वासना राहत नाही. पुढे ओकलंड बंदरातील उंच याऱ्या दिसू लागतात, टोलनाका मागे पडतो आणि वाट हलकेच चढणीस लागते. उजव्या हातास पाच पदरी रहदारी समोरून अंगावर येत असते, डाव्या हातास त्या काळी जुना पूल तुकड्या-तुकड्याने उतरविला जात होता आणि समोरून, गोल्डन गेटच्या खिंडीतून आत घुसलेला समुद्री वारा छातीवर हात ठेवून मागे लोटीत असे. म्हणजे जाताना चढ आणि सामना, येताना उतार आणि पाठराखण. याचा परिणाम असा होई की, त्या वाटेवर कोणीही धावो, त्याचा परतीचा निम्मा पल्ला आधीच्या निम्म्यापेक्षा झपाट्याने पार पडे. या प्रकारास धावणाऱ्यांच्या परिभाषेत निगेटिव्ह स्प्लिट म्हणतात व तो मोठ्या संयमाचा आणि परिपक्वतेचा कळस समजला जातो. लांबपल्लेकरांस पुलावर पहिल्याच दिवशी तो साधला. वारा आणि उतार यांस त्याचे श्रेय देण्याची सूचना कोणी केली नाही असे नाही. परंतु "तीन महिन्यांची इंटरव्हल ट्रेनिंग आता दिसायला लागली" असे म्हणून त्यांनी ती फेटाळून लावली. त्यांच्या पुढे-मागे त्याच वाऱ्यावर स्वार झालेले इतर धावक परत येत होते, आणि त्यांच्याही मुखावर तेच समाधान होते.

त्या हिवाळ्याच्या सुमारास लांबपल्लेकरांचे श्वशुर पुण्याहून सहा महिन्यांच्या मुक्कामास आले. हे गृहस्थ बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, सदाशिव पेठेत राहणारे आणि रोज पहाटे पर्वती चढून जाणारे. पूल पाहावयास मिळेल म्हणून एका शनिवारी तेही गाडीत बसले. लेक दोघांस सोडून त्या स्वीडिश दुकानाच्या उघडण्याची वाट पाहत कॉफी घेत बसली (त्या दुकानात बाण दाखवितील तसे फिरल्यास होणारे अंतर घड्याळात मोजण्याचा जावयांचा सल्ला तिने यापूर्वीच धुडकावला होता). जावई घड्याळाची अनुज्ञा मिळताच अंधारात अंतर्धान पावले. सासरे स्वेटर, कानटोपी आणि हातात छत्री अशा थाटात सावकाश निघाले.

त्यांनी तो पूल ज्या नजरेने पाहिला त्या नजरेने लांबपल्लेकरांनी तो कधीच पाहिला नव्हता. ५२५ फूट उंचीचा एकच मनोरा. त्यावरून गेलेला लोखंडी दोर जमिनीत न रोवता पुलाच्याच पाठीस दोन्ही टोकांनी जखडलेला. प्रत्येक ठिकाणी थांबून, कठड्यास हात लावून, वाकून सांधे पाहत म्हातारबुवा पुढे सरकत होते. एवढ्यात जावई परतीच्या वाटेवर समोरून आले, 'बाबा, डावीकडून चला, सायकली येतात' असे एका श्वासात बोलून निघून गेले, पुन्हा मागून आले, पुन्हा समोरून आले. अशा अनेक हेलपाट्यांपैकी एकात कुंपणापाशी दोघांची गाठ पडली. लांबपल्लेकरांनी जाळीवर तळहाताची थाप मारली. ही थाप न मारता मागे फिरल्यास ती खेप हिशेबात धरावयाची नाही, असा त्यांचा स्वतःशीच तहनामा होता.

"जावईबापू, दोन मिनिटं थांबा हो. याला खर्च किती आला म्हणालात?"

"सहाशे चाळीस कोटी डॉलर, बाबा." लांबपल्लेकर जागच्या जागी पाय हलवीत होते, हृदयाचे ठोके खाली आलेले चालत नाहीत. "शिवाय गेल्या मार्चमध्ये शहाण्णवपैकी बत्तीस सळया पिळताना तुटल्या. मोठ्या जाड बांधणीच्या सळया. मग त्याला वेगळं खोगीर घालून दुरुस्ती केली."

"बत्तीस तुटल्या?" सासऱ्यांच्या चेहऱ्यावर अमेरिकेत आल्यापासून प्रथमच निखळ आनंद उमटला. "आणि पूल व्हायला वर्षं किती?"

"भूकंपापासून चोवीस."

"मग ठीक आहे," सासरे म्हणाले. "मी उगाच स्वतःला कमी समजत होतो." त्यांनी छत्री जुन्या पुलाकडे रोखली. "आणि ते काळे पक्षी कसले?"

"पाणकावळे. जुन्या पुलावर त्यांची शेकडो घरटी आहेत. नव्या पुलाखाली त्यांच्यासाठी सरकारनं नवीन फळ्या बांधून दिल्यात, पण ते हलत नाहीत."

"हलणार नाहीत. आमच्या वाड्यातले खालच्या मजल्यावरचे तरी कुठे हलले! पर्यायी जागा दिली की भाडेकरू आणखी घट्ट बसतो." मग जाळीतून पलीकडच्या बेटाकडे डोळे बारीक करून पाहत त्यांनी तो प्रश्न विचारला, जो लांबपल्लेकरांस त्या वाटेवर कोणीही विचारला नव्हता. "आता मला सांगा, तुम्ही इथं येता, हात लावता, आणि परत जाता?"

"हो."

"परत येता?"

"हो, बाबा."

"मी पर्वतीवर जातो तेव्हा वर देवदेवेश्वर असतो. नमस्कार करतो, जरा टेकतो, गावाकडे बघतो. तुमच्या इथं काय आहे?"

लांबपल्लेकरांनी घड्याळाकडे पाहिले. "इथं साडेबारा होतात," ते म्हणाले आणि निघाले.

यावरून असे समजू नये की त्यांना निसर्गाचे वावडे होते. सूर्योदय ते पाहत, परंतु तो कितव्या मैलावर झाला हे सांगितल्यावाचून त्याचे वर्णन पुरे होत नसे. मुंबईस गेले असता वांद्रे-वरळीच्या सागरी सेतूवरूनही ते धावून आले होते; ज्या सेतूवर एरवी पायी मनुष्यास पाऊल टाकू देत नाहीत, तेथे जानेवारीतील मॅरेथॉनच्या सकाळी हजारोंना मोकळीक असते. त्या सेतूविषयी मेहुण्याने उत्सुकतेने विचारता, तेथे घड्याळ मैलाऐवजी किलोमीटर दाखवू लागल्याने किती घोळ झाला, एवढेच त्यांना आठवले.

सव्वानऊच्या सुमारास सासरे गाडीपाशी परत येऊन लेकीने दिलेली कॉफी घेत बसले होते, तेव्हा जावई घामाने निथळत, मिठाची पांढरी नक्षी कपाळावर मिरवीत वाहनतळाशी पोहोचले. पोहोचले आणि थांबले मात्र नाहीत. उभ्या मोटारींच्या रांगांमधून, दुकानाच्या हातगाड्यांना वळसा घालून, विजेच्या खांबाभोवती ते खाली मान घालून घिरट्या घालू लागले. त्यांच्या नजरेसमोर मनगट होते. सामान चढवीत असलेल्या एका कुटुंबाने आपली मुले जवळ ओढली.

"काही पडलंय का त्यांचं?" सासऱ्यांनी लेकीस विचारले.

"एकोणीस पॉइंट सत्त्याऐंशी झालेत," लेक पेल्यातून मान वर न करता म्हणाली. "वीस व्हायला हवेत."

वीस झाले. घड्याळाने बारीकसा मंजूळ आवाज केला आणि त्याक्षणी लांबपल्लेकर त्या खांबास टेकून डांबरावर बसते झाले. त्यापुढे गाडीपर्यंतची पंधरा पावले त्यांस दोन्ही बाजूंनी आधार देऊन चालवावे लागले.

उरलेल्या शनिवाराविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण तो ते पायांवर बर्फाची पिशवी ठेवून घालवितात आणि घरातील कोणतीही वस्तू जिन्याच्या वरच्या मजल्यावर असल्यास ती त्यांच्यापुरती नष्ट झालेली असते. भोजनाबद्दल मात्र सांगावयास हवे. वीस मैलांत सुमारे दोन हजार उष्मांक जळाले, असा दाखला घड्याळ देते. त्या दाखल्याच्या आधाराने शुक्रवारी नाकारलेले मोदक, रविवारसाठी सासूबाईंनी पुण्याहून पाठविलेल्या चकल्या व मधल्या वेळी नुसतेच भूक लागल्याने उकडलेले बटाटे यांचा जो फडशा पडतो, तो 'एकादशी अन् दुप्पट खाशी' या न्यायाने पडतो. तीन वर्षांच्या लाँग रननंतर त्यांचे वजन चार पौंडांनी वाढले होते. त्यावर ते 'मसल आहे' असे सांगतात. कोलेस्टेरॉलचे काय झाले ते सांगत नाहीत.

२०१६ च्या ऑक्टोबरात जुना पूल पुरेसा हटला आणि ती वाट अखेर बेटास टेकली. प्रारंभी केवळ शनिवार-रविवारी ती तेथवर खुली असे. पहिल्या दिवशी सहकुटुंब सहपरिवार माणसे आली, वर बेटावर पोहोचून त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोकडे तोंड करून छायाचित्रे घेतली, लहान मुलांनी 'पोचलो, पोचलो' म्हणून उड्या मारल्या. या आनंदात लांबपल्लेकर सामील झाले नाहीत. ज्या जाळीवर तीन वर्षे थाप मारली ती जाळी जागेवर नव्हती. खेपेचे अंतर बदलले होते. जुन्या नोंदींशी नव्यांचा मेळ बसेना. शिवाय पलीकडे आता एक ठिकाण झाले होते आणि तेथे बसावयास बाके टाकली होती. आठवडाभर दफ्तर उघडून त्यांनी दोन्ही वाटांची रुजुवात केली, तेव्हा कोठे त्यांची झोप पूर्ववत झाली.

सांप्रत त्यांच्या कानावर आणखी एक बातमी आली आहे. बेटापासून पुढे सॅन फ्रान्सिस्को शहरापर्यंतच्या पश्चिमेकडील जुन्या पुलासही अशीच वाट जोडावी, अशी योजना तेथे वर्षानुवर्षे चर्चेत असून तिचे आराखडे निघतात व खर्चाच्या आकड्यापाशी थबकतात. पत्नीस मात्र ही कल्पना मनापासून पटली. तिने एका रात्री भाजी निवडता निवडता सुचविले, "खरंच झालं ना ते, तर छान होईल. तू ओकलंडहून धावत ये, मी गाडी घेऊन सरळ शहरात येते. एम्बार्कडेरोला बसून मस्त जेवू आणि गाडीतून एकत्र घरी येऊ."

लांबपल्लेकरांनी बर्फाची पिशवी गुडघ्यावरून काढली आणि तिच्याकडे निरखून पाहिले.

"गाडीतून?" ते म्हणाले. "आणि परतीचे मैल कुणाच्या नावावर मांडायचे?"